समुद्र शांत होता त्या दिवशी

दिन्काबाईंचा फोन आला तेव्हा चार वाजून गेले होते. बाहेर बोरा सुटला होता. हा वारा डोंगरावरून खाली उतरला की आमच्या शहरात माणूस माणसाकडे जात नाही. बोटी बंद, बाजार बंद, खिडक्यांच्या लाकडी झडपासुद्धा आतून दोरीनं बांधलेल्या.

"तोंका, मी इस्पितळात आहे. धक्क्याच्या पायऱ्यांवर वाऱ्यानं उचलून आपटली. खुब्याचं हाड गेलं. रडायला लागलीस तर फोन ठेवीन."

"माते मारिये!"

"तिला नंतर हाक मार. आधी सांग, किती वाजले?"

"सव्वाचार."

"घंटा साडेपाचला. सव्वा तास आहे तुझ्या हातात. घर उघड आणि व्याख्यान दे."

"मी?" मला वाटलं, त्यांना गुंगीचं औषध दिलेलं असणार. "बाई, मी आठवी शिकलेली बाई."

"कागदात आठवी-नववी काही लिहिलेलं नाही. वाचला आहेस ना शंभरदा? चल, हे लोक मला चाकांच्या खाटेवर ढकलताहेत. एक गोष्ट ऐक: लूयो येईल. त्याला घाबरू नकोस."

फोन बंद झाला.

तो कागद मला पाठ होता. दोनशे वर्षांपूर्वी पेरिना नावाच्या एका कप्तानाच्या विधवेनं धक्क्यावरचं आपलं घर शाळेसाठी दिलं, आमच्या चर्चच्या बंधुमंडळाच्या हवाली करून. एकच अट घातली. कामाच्या प्रत्येक दिवशी, संध्याकाळच्या घंटेच्या आत, ज्याला ठाऊक आहे त्यानं ज्याला ठाऊक नाही त्याला या घरात मोठ्यानं काही सांगावं. एक दिवस जरी तसा रिकामा गेला, तरी घर मंडळाचं. मग मंडळानं त्याचं काय हवं ते करावं. रविवार आणि सणवार तेवढे वगळले होते. बाई मोठी कडक असावी.

पुढे राजवटी आल्या, राजवटी गेल्या, घर सरकारनं घेतलं, सरकारनं परत दिलं. आमचं विद्यापीठ नवं निघालं तेव्हा दिन्का श्कार्पा त्याच्या पहिल्या कुलगुरू होत्या. मंडळानं घर विद्यापीठाला द्यायचं ठरवलं. करार करताना वकील म्हणाले, बाई, ही जुनी अट कशाला, वर्षाला एक व्याख्यान असं काहीतरी लिहू. बाई खवळल्या. "दोनशे वर्षांचा कागद आहे. त्यातला शब्द गाळणारी मी कोण?" अट जशीच्या तशी करारात उतरली. असली चूक इतिहासकारच करू जाणे. धक्क्यावरच्या घरांवर हॉटेलवाल्यांची नजर पडायला लागली, तेव्हा बाईंना ती चूक कळली. मला म्हणाल्या, "तोंका, गाढवपणा झाला. आता जन्मभर निस्तरायचा."

आणि निस्तरत होत्या. सात वर्षं. कुलगुरू असताना, ऐन उन्हाळ्यात सगळे बेटांवर पोहायला गेलेले असताना, तापात, दातदुखीत, चार वाजता त्या घरात उभ्या. सत्तरी गाठल्यावर कायद्यानं पद गेलं. नव्या कुलगुरूंनी सगळे वर्ग टेकडीवरच्या काचेच्या इमारतीत हलवले. बाई एकट्या उरल्या, तरी चारचा नेम मोडला नाही. समोर मी असे, दोन-तीन निवृत्त खलाशी असत, कधी पावसात आडोशाला आलेला पर्यटक. एक वही होती. सांगणाऱ्याचं नाव, ऐकणाऱ्याचं नाव, विषय, आणि ऐकणाऱ्यानं खाली लिहायचं, "मला हे ठाऊक नव्हते." गावातली माणसं चिडवत, "काय बाई, आज भिंतींना काय शिकवलंत?" बाई म्हणत, "भिंती तुमच्यापेक्षा बऱ्या. एकदा सांगितलं की धरून ठेवतात."

मी रोज जपमाळ पुरी केल्याशिवाय जेवत नाही, शुक्रवारी पाव आणि पाणी. बाई देव मानत नव्हत्या. पण मला कधी हसल्या नाहीत. "तुझं तुझ्या देवाशी, माझं त्या पेरिनाशी," म्हणायच्या. "दोघंही एक दिवस माफ करत नाहीत."

तर मी शाल बांधली आणि निघाले. सांगणारी मी झाले, तरी ऐकणारं कोणी हवं. पाववाल्याचं दार वाजवलं, बंद. खलाशी स्तियेपोच्या घरी गेले, तर त्याची बायको झडपेच्या फटीतून म्हणाली, "या वाऱ्यात? त्याचे गुडघे पाहिलेस का? तू वेडी आणि तुझी ती बाईही वेडी." टेकडीवर फोन केला. नव्या कुलगुरूंच्या कचेरीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली की ते घर आता विद्यापीठाच्या प्राधान्यक्रमात नाही. मी म्हटलं, बाळ, तू तरी ये. ती म्हणाली, मावशी, बस बंद आहेत.

पाच वाजता मी घर उघडलं. दिवा लावला. दिवाणखान्यात मी आणि तीस खुर्च्या.

पाच वाजून पाच मिनिटांनी कूम लूयो आत आले. बंधुमंडळाचे प्रमुख. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला त्यांनीच त्याला हातावर धरलं होतं, म्हणून मी त्यांना कूम म्हणते आणि ते मला कुमा. रक्ताचं नातं एक वेळ मोडेल, हे मोडत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण वाऱ्यातून ताठ चालत आला होता. मागे एक तरुण मुलगी, पातळ कोट, लाल झालेलं नाक. हॉटेल कंपनीची वकील, वेद्राना. राजधानीतून, झाग्रेबहून आली होती.

"बातमी लवकर पोचली," मी म्हटलं.

"पडली ती भर धक्क्यावर. सगळ्यांनी पाहिलं." कूमनी टोपी काढली, मंडळाचं पदक कोटावर नीट केलं. "वाईट झालं. तिच्यासाठी मेणबत्ती लावीन मी. पण कुमा, कागद तो कागद. ही मुलगी साक्षीला आलीय. घंटा होईपर्यंत बसतो आम्ही. तू घरी जा, थंडीत बसू नकोस."

"मी सांगणार आहे," मी म्हटलं.

"काय सांगणार आहेस?"

"काहीतरी."

ते हसले. वाईट हसले नाहीत, घरातल्या लहान मुलाला हसतात तसे. "अगं, कागदात 'मोठ्यानं' लिहिलंय. तू बोलतेस तेव्हा समोरची मेणबत्ती हलत नाही. छत्तीस वर्षं आपण एका बाकावर प्रार्थना म्हणतोय, तुझं 'आमेन' मी एकदाही ऐकलं नाही."

"देवाला ऐकू येतं."

"देव साक्षीदार म्हणून चालत नाही," वेद्राना म्हणाली आणि लगेच ओशाळली. "म्हणजे, कायद्यानं."

मी उभी राहिले. काय सांगावं, काही ठरवलं नव्हतं. मला ठाऊक तरी काय होतं? मासे डब्यात कसे भरायचे ते, संतांचे सणवार, आणि एक बाई. मी त्या बाईबद्दल सुरू केलं.

"दिन्का श्कार्पा," मी म्हटलं, "समोरच्या बेटावर जन्मली. बाप दगडाच्या खाणीत."

"मोठ्यानं," कूम म्हणाले.

"बाप दगडाच्या खाणीत!" माझाच आवाज मला परका वाटला. "शाळेला बोटीनं यायची. एकदा बोट चुकली तर पोहत आली, पुस्तकं डोक्यावर बांधून."

"हे ठाऊक आहे मला. सगळ्या बेटाला ठाऊक आहे. पुस्तकं नाही, फक्त पाटी होती."

"राजधानीत शिकली. तिथेच विद्यापीठात शिकवायला लागली. तिसाव्या वर्षी पहिलं पुस्तक."

"ठाऊक आहे."

"मग तिला काढलं. बाहत्तर साली ती आमच्या मासळीच्या कारखान्यात आली, डबे भरायला. मी अठरा वर्षांची होते, माझ्या शेजारी तिला उभी केली. तिला भरता येत नव्हते. शेपट्या बाहेर राहायच्या. यंत्रांचा एवढा आवाज की शेजारच्या बाईचं बोलणं कळत नसे, आणि ही त्या आवाजाच्या वर ओरडून आम्हाला इतिहास सांगायची. कुठल्या राजानं कुणाची जमीन खाल्ली. आम्ही वीस बायका, हात सार्डिनमध्ये, कान हिच्याकडे."

"ठाऊक आहे," कूम म्हणाले, आणि घड्याळ पाहिलं. "मीही त्याच कारखान्यात होतो, कुमा. हे बघ मुली, लिहून घे: यात मला ठाऊक नसलेलं काही नाही. अट पुरी होत नाही."

वेद्राना लिहीत नव्हती. हात कोटाच्या बाह्यांत घालून बसली होती.

सव्वापाच झाले होते. मला एकदम राग आला. मी फार रागावत नाही. रागावले की नंतर प्रायश्चित्त करते. पण त्या दिवशी आवाज आपोआप चढला.

"तिला का काढलं, ते सांगते आता. तिनं बेटावरच्या चर्चची मृत्यूची नोंदवही वाचली होती. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षीची. एका दिवशी अकरा कोळी मेले. समोर लिहिलंय, वादळात बुडाले. पण जुना पाद्री रोज कोपऱ्यात हवामान लिहायचा, कुठल्या दिवशी बोटी जातील ते कळावं म्हणून. त्या दिवसापुढे त्यानं लिहिलं होतं, समुद्र शांत. आदल्या दिवशी शांत. दुसऱ्या दिवशी शांत. दिन्काबाईंनी पुढच्या पुस्तकात तेवढंच छापलं. अकरा नावं, आणि त्या तीन दिवसांचं हवामान. कुणी मारलं, का मारलं, एक शब्द लिहिला नाही. विद्यापीठातून आठवड्यात काढलं."

वारा झडपा हलवत होता.

"पुढच्या वर्षी सरकारची दोन माणसं कारखान्यात आली. चांगले कोट. आमच्या साहेबाच्या खोलीत बाईंना बोलावलं. मी खोके ठेवायच्या निमित्तानं दाराशी उभी होते. टेबलावर कागद. सही कर की त्या दिवशी वादळ होतं, तुझ्याकडून वाचण्यात चूक झाली. सही केलीस तर सोमवारी पुन्हा विद्यापीठात. खोली, पगार, सगळं परत. हिच्या हाताला मिठाचं पाणी लागून भेगा पडलेल्या, लेखणी धरता येत नव्हती. कागद तिनं दोनदा वाचला."

मी थांबले. थांबायचं म्हणून नाही. मला ती खोली दिसली.

"मग?" वेद्राना म्हणाली. "केली सही?"

कूमनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

"ती म्हणाली, 'आधी वादळ आणा. मग सही करते.'"

वेद्रानाच्या तोंडून हसू निसटलं, आणि तिनं हात तोंडावर नेला.

"दुसऱ्या दिवशी तिला बर्फाच्या खोलीत टाकलं. माशांची डोकी कापायला. ती माणसं दर वर्षी यायची, तोच कागद घेऊन. तीही दर वर्षी विचारायची, 'आणलंत वादळ?' सतरा वर्षं. दर रविवारी ती बेटावर जायची, नोंदवह्या वाचत बसायची, मठातल्या बायका तिला चर्चच्या माळ्याची किल्ली देत. त्या रविवारांमधून तिची चार पुस्तकं निघाली. पुन्हा युद्ध झालं, या शहरावर तोफा पडल्या, तेव्हा त्याच वह्या तिनं हातगाडीवर घालून मठाच्या तळघरात नेल्या. मी मागून ढकलत होते. आणि कुलगुरू झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर कारखाना बंद पडून घरी बसलेल्या आम्हा नऊ बायकांना विद्यापीठात कामाला घेतलं. लोक हसले. म्हणाले, विद्यापीठाला मासळीचा वास येतो. ती म्हणाली, येऊ दे."

"हे सगळं मला ठाऊक आहे," कूम म्हणाले. "तू नुसतीच बोलते आहेस, कुमा. मला ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक असणारच, कूम," मी म्हटलं. "त्या खोलीत तिच्यासाठी खुर्ची तुम्हीच आणून ठेवली होती."

असं मी कुणाला आयुष्यात बोलले नव्हते. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मीही डोळे खाली घेतले नाहीत.

साडेपाचला चार मिनिटं होती. मी वही उघडली. "ऐकणाऱ्याची सही लागते. कूमना सगळं ठाऊक होतं, त्यांची चालायची नाही." वही वेद्रानापुढे सरकवली. "तुला?"

"ती आपली साक्षीदार आहे!" कूम म्हणाले. "हॉटेलची वकील आहे ती!"

"म्हणूनच खोटं लिहिता येणार नाही मला," वेद्राना म्हणाली. तिनं पेन काढलं. बोटं गारठली होती, दोनदा झटकली. "लूयोसाहेब, मी मघाशी 'मग?' विचारलं, ते तुमच्याच कानांनी ऐकलंत. ठाऊक असतं तर विचारलं असतं का?" आणि तिनं लिहिलं, मला हे ठाऊक नव्हते. खाली सही.

घंटा झाली. आम्ही तिघंही उभे राहिलो, सवयीनं. मी प्रार्थना म्हटली. कूमचे ओठ हलले नाहीत.

रात्री बाईंची शस्त्रक्रिया झाली, म्हणून मला भेटू दिलं नाही. नर्सनं एवढंच सांगितलं की शुद्धीवर येताच बाईंनी विचारलं, घर आहे का. मी निरोप दिला, आहे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वारा पडला. चार वाजता मी पोचले तर दारात माणसं. स्तियेपो आणि त्याची बायको, पाववाला, टेकडीवरच्या कचेरीतली ती गोड आवाजाची मुलगी, काही विद्यार्थी. वेद्रानानं आदल्या संध्याकाळी खानावळीत सगळ्यांना सगळं सांगितलं होतं म्हणे. तिला कंपनीनं परत बोलावलं होतं, सकाळच्या बसनं गेली. तिच्या नोकरीचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

मी बाईंच्या कपाटातून ते जुनं पुस्तक काढलं होतं. आज अकरा नावं वाचायची ठरवली. नावं छापलेली आहेत, पण या घरात कुणी मोठ्यानं वाचली नव्हती.

"मात्ते," मी वाचलं, "बोटीचा मालक, बावन्न वर्षं. दुये, त्याचा मुलगा. प्रोश्पे..."

अकरावं नाव वाचून मी पुस्तक खाली घेतलं.

"बारा."

मागच्या भिंतीशी कूम उभे होते. कधी आले, कुणी पाहिलं नव्हतं. पदक लावलेलं नव्हतं.

"बारा होते," ते म्हणाले. "अकरा नव्हते. सांगायचं तर नीट सांगावं माणसानं."

"चर्चच्या नोंदवहीत अकरा आहेत, कूम."

"नोंदवहीत कसा असेल? आईनं नोंदवूच दिला नाही. पाद्र्याला म्हणाली, माझा मुलगा इटलीला पळाला. गावालाही तेच सांगितलं. मेला म्हटलं असतं तर का मेला ते विचारायला सरकारची माणसं आमच्या घरी आली असती, आणि आम्ही आणखी चार होतो." सगळे वळून त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी टोपी दोन्ही हातांत धरली होती आणि बोलत माझ्याशीच होते, चिडून, जणू मीच काही मोडलं होतं. "कुझ्मा. एकोणीस वर्षं. माझा थोरला भाऊ. त्या सकाळी बोट मीच ढकलून दिली पाण्यात. तेरा वर्षांचा होतो मी. पाणी असं होतं," त्यांनी तळहात आडवा धरला. "पुढे त्या दोघांनी खुर्ची आण म्हटलं, तर मी आणली. काय करणार होतो? ती नाही म्हणाली, आणि मी दाराशी उभा. अडतीस वर्षं तिच्या पुस्तकात अकरा. दर वेळी नवी आवृत्ती निघाली की मी बघायचो."

स्तियेपोच्या बायकोनं क्रूसाची खूण केली.

मी वही घेतली. सांगणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, लूयो.

"माझं नाव कशाला?" ते गुरकावले.

"आज सांगणारे तुम्ही. मला ठाऊक नव्हतं." मी ऐकणाऱ्याच्या रकान्यात सही केली. बाकीचे एकेक पुढे आले. ओळ पुरेना, पान उलटावं लागलं.

"हे बघ कुमा," ते दारात थांबून म्हणाले, "यानं काही बदलत नाही. ज्या दिवशी हे घर रिकामं राहील, त्या दिवशी मी ते घेणार. मंडळाचं छप्पर गळतंय, त्याला हॉटेलचेच पैसे हवेत."

"या ना," मी म्हटलं. "रोज चारला असते मी."

ते गेले. मी थेट इस्पितळात गेले. बाई उशांना टेकून बसल्या होत्या, रंग मेणासारखा, नाकात नळी. समोर पेज तशीच. मी सगळं सांगितलं. खुर्चीचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते बोलायला नको होतंस," आणि थोड्या वेळानं, "बरं झालं." वेद्रानाच्या सहीला नुसती मान हलवली.

मग मी बाराव्याचं सांगितलं.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, रडतील. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे माझं पुस्तक चुकलं," त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं चुकीचं पुस्तक घेऊन मी लोकांशी भांडत होते!" त्यांनी पांघरूण फेकलं आणि चांगला पाय खाटेखाली सोडला. "उठव मला."

"बाई, डॉक्टर म्हणतात सहा आठवडे."

"डॉक्टरला म्हणावं, तसं लिहून आण, मी सही करत नाही. लूयोच्या घरी जायचंय मला. त्याची आई, भाऊ, बोटीचं नाव, दिवस, वेळ, सगळं विचारायचंय. तो अठ्ठ्याहत्तरचा आहे, तोंका! उद्या मेला तर?"

नर्स धावत आली. आम्ही दोघींनी मिळून त्यांना खांद्यांना धरून मागे दाबलं. त्या नर्सच्या हातावर चापट्या मारत होत्या आणि मला ओरडत होत्या, की मग तू जा, आत्ता जा, वही घेऊन जा, आणि त्यानं दार उघडलं नाही तर पायरीवर बस.

मी वही घेतली आणि निघाले.